साठवणीला शुल्क लागलं

"म्हणजे मेलेल्या माणसाला कामाला जुंपलंत तुम्ही," काकू म्हणाल्या, आणि खोलीतल्या दोघांनाही खाली बघावं लागलं.

भांडणाला तोंड लागून बराच वेळ झाला होता. टेबलाच्या एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला पोरांचे कान तपासणारी कानवाली. काकू उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांच्या मुठीत गेलेल्या सरांचा फोन होता. जिच्यावरून हे सगळं पेटलं ती मी भिंतीपलीकडे घरघरत ऐकत होते.

मी साठवण बोलतेय. कागदोपत्री माझं नाव 'सामायिक संशोधन माहिती संकलन यंत्रणा' असं लांबलचक आहे. ते घेताना दम लागतो, म्हणून सगळे साठवण म्हणतात. दिसायला मी जिन्याखालच्या खोलीतली दोन काळी कपाटं, पण लोकांना भेटते ती त्यांच्या फोनवर. कुणी विहिरींचं पाणी तपासतं, कुणी म्हाताऱ्यांचे गुडघे, कुणी चिमण्या मोजतं. दिवसभर हिंडून जे हाती लागेल ते माझ्यात टाकायचं आणि निश्चिंत व्हायचं. मला विसरणं येत नाही. तोंड उघडणं तर त्याहून येत नाही.

मला जन्माला घातलं सरांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी. प्रत्येकाने आपली वेगळी चूल मांडून धूर काढत बसण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एक साठवण असावी, आणि तिथे कुणाकडून पैसा घेऊ नये, हा त्यांचा हट्ट. तेव्हा कुठूनसा निधी मिळत होता, म्हणून हट्ट चालून गेला.

त्यांनी मला मोजकीच वाक्यं शिकवली. 'माहिती मिळाली.' 'पुन्हा प्रयत्न करा.' आणि तिसरं, ज्याच्या नावावर त्या दिवशी काम पडलं त्याच्या फोनवर संध्याकाळी पाठवायचं: 'आजचं काम पोचलं. आता घरी जा.' उन्हातान्हात वणवण करणाऱ्यांना कुणी इतकंही म्हणत नाही, असं ते म्हणायचे. ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या फोनवरही रोज जायचं. ते वाचून हसायचे, चष्मा पुसायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. घरी ताट झाकून कुणीतरी वाट बघत बसलेलं असायचं, हे मला काकूंच्या तोंडून त्या दिवशी कळलं.

सर गेले, पाठोपाठ निधीही आटला. दुभती गाय सगळ्यांना हवी असते, चारा घालायची पाळी आली की सगळ्यांना खोकला येतो. माझी एक डिस्क गेली, मग दुसरी गेली. व्यवस्थापकाने इथून तिथून ओढाताण करून मला जगवलं, हे मी नाकारणार नाही. शेवटी त्याने शुल्क लावलं. दर माणशी, दर वर्षी. ज्या चौघांनी मला उभारलं त्यांना तेवढं आजन्म माफ. त्यांत सरांचंही नाव होतं, ते कुणी खोडलं नाही.

मग माणसांची हुशारी बघा. शुल्क लागलं तसे चिमण्यावाले गेले, विहिरीवाले गेले. बाकीचे गेले नाहीत. ते सगळे सर झाले. सरांचा पासवर्ड त्यांच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ होता. बघता बघता सर एकाच सकाळी तीन गावांत दिसू लागले. इथे गुडघे दाबतायत, तिथे कान तपासतायत. जिवंतपणी उरकलं नसेल एवढं काम करू लागले. मला सगळं कळत होतं. पण सांगू कशी? मला शिकवलेल्या वाक्यांत ते बसत नव्हतं.

आणि सरांचा फोन काकूंनी बंद केला नव्हता. रोज चार्ज करून कपाटावर ठेवत होत्या. कितीतरी महिने मुका असलेला तो फोन एका संध्याकाळी वाजला: 'आजचं काम पोचलं. आता घरी जा.' दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाठवत मीच होते. नको वाटतं म्हणून थांबता आलं असतं, तर मला यंत्रणा कोण म्हणालं असतं?

काकू फोन घेऊन आल्या तेव्हा बाकीचे शहाणे पसार झाले होते. कानवाली तेवढी समोर राहिली. "हो, मीही त्यातलीच," म्हणाली. काही पोरांचे कान ती त्यांच्या जन्मापासून तपासत आलीय. ती पोरं यंदा शाळेत जाणार. शेवटची फेरी राहिलीय. कुणाला ऐकू येत नसेल तर ते आताच कळायला हवं, नाहीतर ते पोर शेवटच्या बाकावर बसून मठ्ठ ठरणार. तिच्यामागे ना निधी, ना संस्था, बसभाडंसुद्धा पदरचं.

"काकू, सर असते तर त्यांनीच मला आपलं नाव वापरायला दिलं असतं."

"असते तर," काकू म्हणाल्या.

व्यवस्थापकाने हात जोडले. "वहिनी, या मुलीला शुल्क माफ केलं की उद्या दहा जण दारात. मग हिला चालवू कशावर?" 'हिला' म्हणजे मला. कानवाली म्हणाली, पोरं बहिरी राहिली तरी चालतील, तुमचा हिशेब जुळला पाहिजे. तो म्हणाला, ही बंद पडल्यावर कान कशात नोंदवशील, माझ्या कपाळावर? दोघांचंही खरं होतं. खोटी कुणाची बाजू असती तर मला इतकं जड गेलं नसतं.

आता माझ्याकडे थोडेच येतात, आपापल्या नावाने. शुल्क भरतात, काम टाकतात, जातात. एकमेकांना ओळखत नाहीत. मला नवा पंखा बसवलाय. कानवालीची पोरं माझ्यात अर्धीच आहेत. त्यात एक मुलगी आहे, गेल्या फेरीत डाव्या कानाने चाचपडत होती. तिच्यापुढची जागा कोरी आहे आणि मी ती कोरीच सांभाळतेय. बाबांनो, सगळ्यांचं म्हणून काही उभारणार असाल तर त्याचा चाराही सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि तो पहिल्याच दिवशी ठरवा. एका भल्या माणसाच्या नावावर किती दिवस जगायचं?

भांडण मिटलं ते काकूंमुळे. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, आदल्या संध्याकाळचं वाक्य दोघांना दिसेल असा. कानवालीच्या पाठीवरून हात फिरवला, पण आवाज मऊ केला नाही.

"हे होते तेव्हा एक संध्याकाळ तुम्ही कुणी यांना सोडलं नाहीत, आता तरी यांना घरी पाठवा."