कचरा नावाचं फोल्डर

ताईचा कॉम्प्युटर सकाळी सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायच्या आणि एका ओळीवर ठप्प. विंडोज काढून लिनक्स धाकट्या भावाने हट्टाने बसवून दिलं होतं, म्हणून त्यालाच फोन गेला. स्वारी आली ती मोठ्या तोऱ्यात.

"डिस्क गच्च भरलीय, दुसरं काही नाही. किती कचरा साठवतेस गं!"

ताई चहा टाकायला गेली. त्याने पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, आत डोकावला, तर समोरच 'कचरा' नावाचं गलेलठ्ठ फोल्डर. आता यात विचारायचं काय? उडवलं एका फटक्यात. मशीन मुकाट्याने सुरू झालं.

ताई कप घेऊन आली. "माझं पुस्तक शाबूत आहे ना?"

"कुठे ठेवलं होतंस?"

"कचऱ्यात."

ताई नर्स. कामावर नव्याने येणाऱ्या मुलींसाठी सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून ती एकेक प्रकरण लिहीत होती, चित्रांसकट.

"असलं नाव ठेवतं का कुणी?"

"तूच ठेवलंस की! पहिली पानं वाचून म्हणालास, ताई, काय कचरा लिहितेस. म्हटलं, राहू दे तेच."

खरं सांगायची वेळ आली, तर स्वारीचा तोरा उतरला. "मशीन बिघडताना काही फायली गेल्यात, काढतो," अशी थाप मारून त्याने मशीन बंद केलं आणि पुन्हा पेनड्राइव्ह लावून पुसलेलं शोधायला घेतलं.

फायली आल्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे. कुठलं प्रकरण कुठलं ते कळायला प्रत्येक फाइल वाचणं आलं. दोन पानांत कंटाळलेला हा शहाणा आता ओळ न् ओळ वाचू लागला. एकीत लिहिलं होतं, शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाची बोटं धरू नका, मनगट धरा, म्हणजे सोबत आहे हे त्याला कळतं. वडिलांचं मनगट ताईने असंच धरलं होतं. हा तेव्हा दाराबाहेर फोनवर बोलत होता. शरमेने त्याचे कान तापले.

संध्याकाळपर्यंत दोन सोडून सगळी प्रकरणं मिळाली. ताई नवऱ्याला फोनवर सांगत होती, "आज हा नसता तर माझं काही खरं नव्हतं."

त्याला ते ऐकवेना. "ताई, मशीनने नाही, मी पुसलं. नुसतं नाव बघून. तुला न विचारता."

ताईने फोन ठेवला.

"आज पुसलंस ते बहुतेक आलं रे परत," ती म्हणाली. "पण तेव्हा कचरा म्हणालास ना, त्यानंतर वर्षभर मी एक ओळ लिहिली नव्हती."

धाकटा मान खाली घालून त्या आकड्यांच्या फायलींना एकेक नाव देत बसला.