नाव कमी करणे

“बाई, नवऱ्याचं नाव सांगा,” कारकुनाने तिसऱ्यांदा विचारलं. बयाबाईने मान खाली घातली.

वडगावच्या कचेरीच्या ओट्यावर दहा माणसं बसली होती आणि दहाही जणांना ते नाव ठाऊक होतं. एरवी बाईने मान खाली घातली की शेजारचा कुणीतरी चटकन तिच्या नवऱ्याचं नाव सांगून मोकळा होतो. आज मात्र सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. कारण तिचा थोरला दीर हौशीराम पटका सावरत समोर उभा होता, आणि त्याच्याशी वाकडं घ्यायची गावात कुणाची छाती नव्हती. तिच्या नवऱ्याच्या ताटात जेवलेला अंबाजीसुद्धा आपल्या वहाणांकडे टक लावून बसला होता. निर्लज्ज कुठले!

हौशीरामचा अर्ज असा : धाकटा भाऊ पलटणीतून बसऱ्याला गेला, दोन वर्षं पत्र नाही, त्याअर्थी तो मेला, तरी जमिनीच्या उताऱ्यावरून त्याचं नाव कमी करावं. ते नाव गेलं की बयाबाईचं त्या घरात काहीच उरत नव्हतं. पोटी मूल नाही. दिराने माहेरची वाट दाखवायची तेवढी बाकी होती, आणि माहेर तर गेल्याच वर्षी मानमोडीच्या साथीत संपलं होतं.

“मेल्याचा सरकारी कागद न्हाई आला,” ती म्हणाली. “माजी हरकत हाय.”

“कुणाची बायको म्हणून लिहू? नाव हरकत घेणाऱ्याच्याच तोंडून यायला हवं.”

असा कायदा कुठल्या पुस्तकात होता कुणास ठाऊक. हौशीरामचा आंबेमोहोर मात्र चार दिवसांपासून कारकुनाच्या घरी शिजत होता.

“ती न्हाई घ्यायची, रावसाहेब,” हौशीराम हसला. “आमच्या घरान्यात बाया नाव घेत न्हाईत.”

खरंच होतं. बारा वर्षांत ते नाव तर सोडाच, ‘सोपं’ हा शब्दही तिने उच्चारला नव्हता. सोपं काम तिच्या तोंडी ‘हलकं’ असायचं आणि घरातला सोपा ‘भायलं घर’. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. तो तिकडे लढाईत, आणि त्याच्यासाठी करण्यासारखं एवढंच तिच्या हातात होतं. नाव घ्यावं तर त्याच्या जिवाला धोका. न घ्यावं तर हे त्याला मेला म्हणून लिहिणार.

कारकुनाने टाक दौतीत बुडवला.

“सोपान,” बयाबाई म्हणाली. आवाज फाटला. मग तिने खणखणीत सांगितलं, “सोपान भिमाजी गराडे. जित्ता हाय त्यो. लिवा.”

कारकुनाला लिहावंच लागलं. पलटणीचा जबाब येईपर्यंत अर्ज तहकूब झाला.

हौशीराम गाडी जुंपून एकटाच पुढे निघून गेला. घोरावाडीच्या माळावरून बयाबाई पायी चालली, आणि वाटभर रडली. आपण त्याला वाचवलं की मारलं, तिला कळेना.

घरी पायरीवर सासू, अंबूबाई, वाटच बघत होती.

“घेतलंस नाव? चारचौघांत? माज्या लेकाच्या मुळावर उठलीस, कैदाशिणी!”

“मग काय करू, आत्याबाई? त्येला मेला म्हणून लिवत हुते. नाव काडून टाकत हुते उताऱ्यावरनं.”

“कोन?”

बयाबाईची नजर वर गेली. सासूच्या मागे दारात हौशीराम उभा होता. नाव घेतल्याचं त्याने आईच्या कानावर घातलं होतं; अर्जाचं सोयीस्कर गिळलं होतं. म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“आये, आत चल. वारं लागंल,” तो म्हणाला.

“दोन वरसं,” अंबूबाई म्हणाली, “ह्या घरात त्येचं नाव काडू दिलं न्हाईस. ‘आये, तुला तरास हुतो,’ म्हनायचास.” मग ती सुनेकडे वळली. “काय म्हनलीस तितं?”

बयाबाई पुटपुटली.

“मोट्यानं म्हन. त्येला ऐकू जाऊ दे.”

“सोपान भिमाजी गराडे. जित्ता हाय.”

अंबूबाई बाजूला सरकली. बयाबाई तिच्याजवळ टेकली. दोघी पायरी अडवून बसल्या, आणि हौशीरामला बाहेर पडायला वाट उरली नाही.