दाजींच्या अंगात आलं

दाजींनी दारू सोडली सोमवारी, आणि बुधवारी दुपारी ताईचा फोन आला.

"बबल्या, दुकान बंद कर आणि ये. यांच्या अंगात आलंय. येताना नारळ आण, काकू म्हणतायत."

असा फोन आल्यावर कोण दुकानात बसेल? हैदराबादच्या कोठी बाजारात माझं चष्म्याच्या फ्रेमांचं दुकान. एक गिऱ्हाईक आरशात स्वतःचं तोंड बघत उभं होतं. त्याला म्हटलं, "भाई, फार छान दिसताय, उद्या या." आणि शटर ओढलं.

दाजी म्हणजे मिलिंद, माझ्या थोरल्या बहिणीचा, मंगलाताईचा नवरा. माणूस लाखात एक, पण सकाळी ब्रशच्या आधी क्वार्टर लागायची. तीही कित्येक वर्षं. सोमवारी त्यांनी एकदम अय्यप्पाची माळ घातली. हैदराबादेत थंडी पडली की भलेभले काळे कपडे घालतात, अनवाणी फिरतात, पहाटे गार पाण्यानं अंघोळ करतात. चाळीस-एक दिवस, डोंगरावरचं दर्शन होईपर्यंत, दारू-मटण बंद. अख्खी दुनिया त्यांना 'स्वामी' म्हणते, बायकोसुद्धा. ताईनं सोमवारी मला फोनवर म्हटलं, "स्वामी उपमा खातायत." मी अर्धा तास हसलो होतो.

बरकतपुऱ्यात त्यांच्या फ्लॅटवर पोचलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत उदबत्त्यांचा धूर. मजा बघायलाच आलो होतो मी, खोटं कशाला बोलू. दाजी चटईवर बसलेले, काळी लुंगी, हात लटलट कापतायत. शेजारी सावित्रीकाकू, त्यांच्या आई, डोळे मिटून हात जोडून. समोर वरच्या मजल्यावरचे एकनाथराव गुडघ्यावर.

"स्वामी," एकनाथराव म्हणाले, "पोराचा अमेरिकेचा व्हिसा होईल का?"

दाजी वर बघत म्हणाले, "पंख्यातून मुंग्या पडतायत."

एकनाथराव सगळ्यांकडे वळले. "पंखा म्हणजे हवा. हवा म्हणजे विमान. झालं काम."

मला हसू फुटलं. तेवढ्यात दाजी अंगावरच्या मुंग्या वेचायला लागले. एक-एक चिमटीत धरून बाजूला टाकत होते. अंगावर एकही मुंगी नव्हती. एवढ्या थंडीत बनियन घामानं चिंब. मी कपाळाला हात लावला तर त्यांनी मला ओळखलंच नाही, मला "साहेब" म्हणाले. माझं हसू तिथंच विरलं.

हे मी पाहिलेलं होतं. आमच्या गल्लीत कल्लूचं, म्हणजे ताडीचं, दुकान एकदा रातोरात बंद झालं. दोन-तीन दिवसांत रोजचे पिणारे असेच कापायला लागले, भिंतींशी बोलायला लागले. त्यातला एक पाणी भरता भरता कडक होऊन पडला, तो उठलाच नाही.

"ताई, हे अंगात-बिंगात काही नाही. दारू एकदम तोडल्यामुळं होतंय. दवाखान्यात न्यायला पाहिजे, आत्ता."

"बबलू, आज तरी गंमत नक्को," एकनाथराव म्हणाले.

"गंमत नाही करत."

"मागं लिफ्टवर 'श्राद्धामुळे बंद' असा कागद कुणी लावला होता? मी चार मजले चढलो."

"तो मीच लावला. पण हे खरं आहे."

काकूंनी डोळे उघडले. "इतक्या वर्षांनी देवानं माझ्या पोराच्या तोंडातली बाटली काढली. आणि तू त्याला दवाखान्यात नेऊन बेवडा म्हणून नाव लिहवतोस? माळ काढायला लावतील ते. माळ निघाली की हा पुन्हा पिणार."

म्हातारीची भीती काही खोटी नव्हती. ताई माझ्याकडे बघत होती, मी खरं बोलतोय का खोटं, हे माझ्या तोंडावर शोधत. आयुष्यभर सगळ्यांना टोप्या घातल्या, आता एक खरी गोष्ट विकायला निघालो तर गिऱ्हाईक नाही.

बाल्कनीत जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगितला. पाय एका जागी ठरेनात. बाल्कनीतून आत, आतून बाल्कनीत. गाडी येईल, पण हे लोक उचलू देतील तर ना. आत दाजी भिंतीला म्हणत होते, "दार उघड, माझी बस सुटेल." आणि एकनाथराव ते मोबाइलवर रेकॉर्ड करत होते.

मग म्हटलं, चला बबलू, आपला धंदा आपण करू.

टक्कल पडलेल्या माणसानं केस मोकळे सोडायचे कसे, म्हणून शर्टाची बटणं सोडली. एक आरोळी ठोकली आणि घुमत घुमत हॉलमध्ये शिरलो. काकूंच्या हातातला कुंकवाचा करंडा हिसकून कपाळभर फासलं.

"मी आई आलेय," मी गरजलो. "माझ्या लेकराला घरात कोंडलंय कुणी?"

बायका मागं सरल्या. एकनाथराव म्हणाले, "आई, व्हिसा..."

"व्हिसा मागून. आधी लेकराचे पाय धर. खाली पांढरी गाडी येतेय, तिच्यात घाल. सुईनं पाणी चढव. नाही चढवलंस तर तुझ्या घरी मुक्कामाला येईन."

ताईनं येऊन माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आवर आता. गाडी आलीय." मग उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आईचा हुकूम आहे. उचला."

एकनाथरावांनी पाय धरले, मी खांदे. मी घुमतच होतो, थांबलो तर विचार करतील म्हणून. लिफ्टमध्ये दाजींचं अंग एकाएकी लाकडासारखं ताठ झालं. डोळे पांढरे. मग झटके सुरू झाले. माझ्या अंगातली देवी तिथंच उतरली. खाली ॲम्ब्युलन्सवाल्यानं त्यांना कुशीवर वळवलं आणि कुणालाही तोंडात काही घालू दिलं नाही. काकू जिन्यानं धावत खाली आल्या होत्या, अनवाणी. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, गाडीत जाऊन बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काकूंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अम्मा, पीना छोड़ना अच्छी बात है. लेकिन रोज पीनेवाला ऐसे एकदम नक्को." शरीराला सवय झालेली असते, अचानक तोडलं तर मेंदू बिथरतो, जीवही जातो. औषधं देऊन हल्लूहल्लू शांत करावं लागतं. आणि ते झालं म्हणजे आजार गेला असं नाही, त्यानंतर महिनोन्‌महिने डॉक्टर, गोळ्या, बैठका. मधे घसरला तर लपवू नका, परत आणा. माळेचं काकूंनीच विचारलं. "राहू दे की गळ्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाजी शुद्धीवर आले तेव्हा वॉर्डात मी एकटाच होतो. बोटानं माळ चाचपत होते.

"बबलू, एक सांगू? मी दिवस मोजत होतो. दर्शनाचे नाही. माळ उतरली की पहिली कुठं बसून घ्यायची, ते ठरवून ठेवलं होतं."

"नामपल्लीत?"

"स्टेशनसमोर."

"जागा बेकार आहे," मी म्हणालो. ते हसले नाहीत. मीही नाही.

घरी आणलं त्या दिवशी एकनाथराव खाली गेटपाशीच वाकले. "स्वामी, पोराला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली."

दाजींनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं. "एकनाथराव, माझ्या अंगात कुणी आलं नव्हतं. दारू उतरत होती. मी रोज पितो. प्यायचो. काय म्हणायचं ते अजून कळत नाही."

मी काकूंकडे बघितलं. आता काय बोलतात. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आजारी आहे तो. वाट सोडा, उन्हात उभा आहे."

लिफ्टमध्ये दाजी म्हणाले, "उद्या कोठीत बैठक आहे. दारू सोडणाऱ्यांची. येशील?"

"येतो की. तिथं काय करायचं?"

"बसायचं. गप."

"मला नाही जमायचं, दाजी."

"मला तरी कुठं जमतंय," ते म्हणाले. "ये."