एका रात्रीचा लेक

आमच्या ह्यांना हिब्रू येते म्हणून चर्चमधली सगळी मंडळी ह्यांना मानते. मानू दे. मला मात्र त्या आठवड्यात ती हिब्रू उचलून नाल्यात फेकावीशी वाटली.

प्रणोती, आमची एकुलती एक मुलगी, बाळंतपणाला जबलपूरला आली होती. दिवस भरायच्या आधीच संध्याकाळी मुलगा झाला आणि पहाट व्हायच्या आत गेला. डॉक्टरीण म्हणाली, फेफडे कच्चे थे. जावई शैलेंद्र माती देऊन कटनीला ड्यूटीवर परत गेला, त्याला सुट्टी नव्हती. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवण नाही, बोलणं नाही.

आणि हे काय करतात? तर शब्द खोदतात! फॅक्टरीतली नोकरी करता करता पुस्तकांवरून हिब्रू शिकले, आणि रिटायर झाल्यापासून शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक झाड धरून त्याच्या नावाचं मूळ उकरत बसतात. बदामाचं झालं, अंजिराचं झालं. आता योना संदेष्ट्याचं झाड. योना देवावर रागावून शहराबाहेर उन्हात बसला, देवानं एका रात्रीत त्याच्या डोक्यावर सावलीला झाड उगवलं आणि पुढच्याच पहाटे किडा लावून वाळवलं, एवढी ती गोष्ट. आमच्या घरच्या मराठी शास्त्रात ती तुंबी, म्हणजे भोपळ्याचा वेल आहे, हिंदीत रेंड, म्हणजे एरंड. ह्यांचं म्हणणं, मूळ शब्द किकायोन, जुन्या मिसर देशात एरंडाला किकी म्हणायचे, तेव्हा तो एरंडच.

एक दिवस सकाळी तिलवाऱ्याच्या रस्त्यावरून एरंडाचं भलंमोठं पान घेऊन आले आणि प्रणोतीच्या उशाशी ठेवलं.

"बेटा, ह्या झाडाला मुळात काय म्हटलंय माहीत आहे? बेन-लायला. बेन म्हणजे लेक, लायला म्हणजे रात्र. एका रात्रीचा लेक! आपल्याकडे नुसतं 'एका रात्रीत उगवलं' असं होऊन बसलं. तुझ्या बाळाचं तिथं आधीच लिहून ठेवलं होतं बघ. सावली द्यायला आलं, देवानं परत नेलं. रविवारी तू हीच साक्ष दे."

आमच्या मंडळीत ज्याच्या घरी दुःख होतं त्यानं उभं राहून सर्वांसमोर देवाचे आभार मानायचे असतात. त्याला साक्ष म्हणतात. हे पडले मंडळीचे वडील, म्हणजे सगळ्यांचे पुढारी. ह्यांच्याच मुलीनं साक्ष दिली नाही तर लोक काय म्हणतील?

मी म्हटलं, "अहो, काहून तिला छळून राहिले? एरंडाचं गुऱ्हाळ पुरे करा आता."

"कुंदा, मी तिला आधार देऊन राहिलो."

"आधार? तिचं ब्लाऊज दुधानं भिजून राहिलं, ते दिसतं का तुम्हाला?"

खोटं कशाला सांगू, मला त्यांची कीवही आली. नातवाची पेटी त्यांनीच दोन्ही हातांवर कबरस्तानात नेली होती. घरी आल्यावर पाणीसुद्धा प्यायले नाहीत, सरळ पुस्तक उघडलं. दुःख झालं की मी भांडते, हे पुस्तकात शिरतात. पण म्हणून ते पोरीच्या डोक्यावर लादायचं?

ते पान मी तव्यावर गरम केलं, तेल लावून तिच्या छातीला बांधलं. दुधाच्या गाठी झाल्या होत्या, हात लावू देत नव्हती बिचारी. जरा उतार पडला तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मम्मी, बाबा की वो किताब दे ना."

मग ती वाचतच बसली. योनाची ती दोन-चार पानं, परत परत. मला वाटलं, चलो, पोरगी सावरून राहिली. शनिवारी ती ह्यांना म्हणाली, "बाबा, मी देईन साक्ष." ह्यांचा चेहरा असा फुलला! मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "नको देऊस ग. कोणाची जबरदस्ती नाही." तर म्हणाली, "देने दे मम्मी."

रविवारी ओमती मोहल्ल्यातल्या आमच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये मंडळी जमली. ह्यांनी आधी किकायोन काय, बेन-लायला काय, सगळं फोडून सांगितलं. बायका डोळे पुसून राहिल्या होत्या. मग ह्यांनी प्रणोतीला बोलावलं. ती पुढच्या बाकाला धरून उभी राहिली.

"बाबांनी त्या वचनाचा, त्या ओळीचा, शेवट सांगितला," ती म्हणाली. मराठी तिला अडखळत येते, तरी मराठीतच बोलली. "मी सुरुवात वाचली. झाड वाळलं म्हणून योनाला मरावंसं वाटलं. तर देव त्याला म्हणतो, तू ह्या झाडासाठी काही कष्ट केले नाहीस, तू ते वाढवलं नाहीस, आणि तुला त्याची एवढी हळहळ?"

पुढच्या बाकावरच्या बाया मागे वळून बघू लागल्या.

"मी कष्ट केले. मी वाढवलं. माझ्या पोटात वाढवलं. योनाला द्यायला देवाजवळ जवाब होता, मला द्यायला नाही. मी आभार मानत नाही. हीच माझी साक्ष."

साक्ष संपली की वडिलांनी आमेन, म्हणजे 'तसंच असो', म्हणायचं आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी. सगळे ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. जन्मभर शब्द गोळा केलेला माणूस, पुस्तकाची पानं नुसती मागे-पुढे करत राहिला. माझी पोरगी तिथं एकटी उभी होती.

मी उठले आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आमेन," मी म्हटलं. ह्यांच्याकडे बघून, मोठ्यानं म्हटलं.