पासवर्ड न लागणारे बाबा

लॅबच्या खिडकीपुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. आतला कॉम्प्युटर लोकांकडे तोंड करून ठेवलेला, शेजारी मोबाइल स्पीकरवर. बाबा गावाबाहेरच्या आपल्या हॉलमध्ये बसून फोनवर बोलत होते.

"डॉक्टरसाहेब, पासवर्ड बदललात?" आवाज मधात घोळवलेला.

"आत्ताच, सगळ्यांदेखत," लॅबचे डॉक्टर म्हणाले. "माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही."

"आम्हाला हवाय कशाला? यंत्रालाही आत्मा असतो, बाळांनो! आम्ही हाक मारली की ते दार उघडतं. यंत्रातला दोष गेला की देहातला गेलाच म्हणून समजा."

पडद्यावर माझ्या ताईचा रिपोर्ट होता. 'कर्करोगाच्या पेशी आढळल्या.' बाबांनी काहीतरी पुटपुटलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बंद करून पुन्हा उघडला. 'दोष आढळला नाही.'

एकच गलका झाला. कुणी रडलं, कुणी हात जोडले. ताईने माझा दंड घट्ट धरला होता.

"ताई, पडद्यावरची अक्षरं बदललीत. गाठ नाही बदलली," मी म्हणालो.

तिने हात झटकला. "लहानपणापासून तुला सगळ्यात खोटच दिसते. मी जगणार हेही खुपतंय का रे तुला?"

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. तिथली पोरं निदान प्रश्न तरी विचारतात.

"मग पुन्हा तपासून घे ना," मी म्हणालो. त्यावर फोनमधूनच उत्तर आलं. "ज्यांचा दोष गेला त्यांनी परत तपासणीला जायचं नाही हं! तपासणी म्हणजे संशय. संशय आला की गाठही परत येते." वा रे पठ्ठ्या! पकडला जायची एकच वाट होती, ती त्याने आधीच बुजवून ठेवली होती.

ताईने ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. मी रोज भांडलो. शेवटी तिने माझ्यासाठी दार उघडणंच बंद केलं. मी लॅबच्या डॉक्टरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "मास्तर, बाहेरच्या माणसाला यंत्राला हात लावू देता येत नाही," एवढंच ते म्हणत. खरं कारण मला दिसत होतं. चमत्कार खोटा ठरला तर लॅबची अब्रू जाणार, आणि खरा ठरला तर गर्दी वाढणार. मग एक दिवस असाच 'दोष गेलेला' एक सुतार स्ट्रेचरवरून त्यांच्या दारात आला आणि तिथेच गेला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा मला फोन आला. "या," म्हणाले, "काय बघायचं ते बघा."

मी यंत्रापुढे बसलो आणि पहिला प्रश्न विचारला. "आधीचा कॉम्प्युटरवाला कुठे असतो?"

"नोकरी सोडली त्याने. बाबांच्या सेवेत असतो."

"इथे असताना घरून काम करायचा?"

"हो, बिघाड झाला की घरूनच आत शिरून दुरुस्त करायचा. पण तो गेला त्याच दिवशी मी पासवर्ड बदललाय!"

"डॉक्टर, त्याला पासवर्ड लागतच नव्हता."

त्यांना पटेना. मी म्हटलं, पुढच्या खेळाला मला बोलवा, सगळ्यांसमोरच दाखवतो. भाचीने त्या दिवशी ताईला जवळजवळ उचलूनच आणलं. ताईची रया गेली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

फोन लागला. बाबा आत्म्याला हाक मारायच्या तयारीत. मी लोकांकडे वळलो.

"लांबून कॉम्प्युटरमध्ये शिरायच्या दोन रीती आहेत. एक पासवर्डची. दुसरीत आपण आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर एक जोडी बनवायची, किल्ली आणि तिचं कुलूप. किल्ली आपल्याजवळ लपवून ठेवायची, कुलूप इथल्या यंत्राला लावायचं. मग यंत्र फक्त किल्ली जुळते का बघतं, पासवर्ड विचारतच नाही. सोय चांगली आहे, नीट वापरली तर पासवर्डपेक्षा भक्कम. पण माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं कुलूप काढावं लागतं. इथे ते कुणी काढलंच नाही. पुढच्या दाराचा पासवर्ड रोज बदलला, मागचं दार त्याच्याच किल्लीने उघडत राहिलं, आणि बाबा पुटपुटत असताना तो आत शिरून रिपोर्ट बदलत राहिला."

मी ते कुलूप पडद्यावर दाखवलं. अक्षरांची लांबच लांब ओळ, आणि शेवटी जुन्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव. डॉक्टरांनी ती ओळ स्वतःच्या हाताने पुसली. "बोला बाबा, करा चमत्कार!"

पुटपुट सुरू झाली. वाढली. पडदा जैसे थे. फोनमागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बाबा, आत घेत नाहीये." सगळ्यांनी ऐकलं.

"तिथे नास्तिक बसलाय! लहरी अडतायत!" बाबा ओरडले.

मी माझा लॅपटॉप उघडला, नवी जोडी बनवली, डॉक्टरांना तिचं कुलूप यंत्राला लावायला सांगितलं आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसलो. पासवर्ड न विचारता यंत्र उघडलं. एका कोऱ्या पानावर मी लिहिलं, 'आता मीही बाबा.' खिडकीपाशी कुणीतरी हसलं. मी परत आलो तेव्हा फोन कट झाला होता.

"मग माझा रिपोर्ट?" ताईने विचारलं.

डॉक्टर कपाटातून काचेची पट्टी घेऊन आले. तिच्यावर ताईच्या गाठीचा पहिला तुकडा होता. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ पाहिलं. "बाई, कॉम्प्युटरमधलं त्यांनी बदललं. काचेवरचं कुणाला बदलता येत नाही. पेशी आहेत तशाच आहेत." त्यांना ताईकडे बघवत नव्हतं.

ऑपरेशनच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. आधी आला असतात तर गाठ काढता आली असती, म्हणाले. आता ती पसरली होती.

शेवटच्या दिवसांत ताई माझ्याशी पुन्हा बोलू लागली. भांडणाचा विषय तिने एकदाही काढला नाही, मीही नाही. ती गेल्यावर भाचीने विचारलं, "मामा, रिपोर्ट बदलला तेव्हा आई किती खूश होती. त्या दिवशी कुणीच कसं विचारलं नाही, हे झालं कसं म्हणून?"

मी विचारलं होतं, पण एकट्याने. त्या खिडकीपुढे अख्खं गाव उभं होतं. आणखी दहा जणांनी विचारलं असतं तर डॉक्टरांना यंत्र त्याच दिवशी उघडावं लागलं असतं, आणि माझी ताई आज असती. म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार बघितलात तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, हे झालं कसं? आणि जो म्हणेल पुन्हा तपासू नका, त्याच्या दारातून तडक उठा आणि तपासून घ्या.