मामा-भाचे एका नावेत

दिगंबरमामांनी उजवा पाय नावेत ठेवला. नाव जरा हलली, तसा तो त्यांनी उचलून पुन्हा धक्क्यावर आणला.

"नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मामा-भाचे एका नावेत बसत नाहीत."

मालवणच्या धक्क्यावरची ती नाव गच्च भरली होती आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी मंडळी उन्हाने कावली होती. मामांची धाकटी बहीण इंदुबाई पदर खोचून बसली होती. तिच्या शेजारी नवी सून तृप्ती, आणि तिच्या पलीकडे मुलगा निरंजन. त्याचा चेहरा सकाळच्या चहापासूनच कच्च्या केळ्यासारखा हिरवट होता. मामांचं बोलणं संपायच्या आत तो उठला.

"बरोबर आहे. मी उतरतो."

इंदुबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा, माझ्या ध्यानातच नाही राहिलं. बरं झालं दादा, तू बोलला."

त्यांच्या बुऱ्हाणपूरकडे तापीकाठी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामा-भाचे एकत्र बसले की नाव बुडते. का बुडते, हे कुणी विचारत नाही. पलीकडच्या काठाला लग्न असलं तरी मामा पहिल्या खेपेला जातो आणि भाचा दुसरीला. मालवणच्या नावाड्याला यातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे तो दोर हातात धरून नुसता बघत राहिला.

"मग मामाजी, तुम्ही या ना. हे मागून येतील," तृप्ती म्हणाली.

"छे छे! भाच्याचा मान आधी."

"मामा मोठे आहेत. त्यांनीच बसावं," असं म्हणत निरंजन धक्क्यावर चढलादेखील.

"तू बस."

"तुम्ही बसा."

"मानपान घराकडे करा," नावाडी म्हणाला. "वारो वाढता हा." आणि त्याने नाव सोडली.

"पुढच्या नावेनं एक जण तरी या!" तृप्ती लांबून ओरडली. "मी आपले मास्क घेऊन ठेवते!"

किल्ल्याच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरून मासे बघायचे होते. तोंडात नळी, डोळ्यांवर काच. तृप्तीने दोघांचं स्नॉर्कलिंग घरूनच बुक केलं होतं.

नाव दूर गेल्यावर निरंजन धक्क्यावर मटकन बसला. "थँक्यू मामा. वाचवलं तुम्ही."

"मी कुठं वाचवलं? मलाच भ्या वाटून राहिलं होतं," मामा म्हणाले. "पण तू कायले घाबरतो? तू तर पावसाळ्यात तापी आडवी पोहून जातो ना?"

निरंजनने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मामांनी घाईघाईने किल्ल्याकडे पाहिलं.

तापी आडवी पोहून जाण्याची गोष्ट मामांचीच होती. खकनारला मुलगी बघायला गेले, तेव्हाची. आईबापांनी अशा वेळी खाली मान घालून बसायचं असतं, फुशारकी मारायची ती मामांनी. तृप्तीचे मामा गजाननराव डोईफोडियाहून खास त्यासाठी आले होते. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता सांगितलं की आमची भाची पोहण्यात जिल्ह्यात पहिली आहे. हे ऐकून दिगंबरमामा गप्प बसले असते तर ते दिगंबरमामा कसले? आमचा भाचा, ते म्हणाले, भर पुरात तापी आडवी पोहून जातो. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कधी न गेलेल्या निरंजनला यावर बोलायचं होतं, पण त्याच्या तोंडात पोहे होते.

"त्याच वेळी तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं, मामा," तो आता म्हणाला. "पहिल्यांदा. त्याच्यावरच हो म्हटलं असणार तिनं. आता तिथं मासे बघायला उतरलो की सगळं उघडं पडणार. मला ती फार आवडते हो. एकदम खोटा ठरेन मी."

मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. या पोराला त्यांनी खांद्यावर बसवून बागेतून फिरवलं होतं. त्याचं असं पडलेलं तोंड त्यांना बघवेना.

"चल," ते म्हणाले. "मी बोललो, मीच सांगतो. तू पाण्यात पाय घालायच्या आधी सांगतो."

"एका नावेत?"

"तू त्या टोकाला बस, मी या टोकाला. ओळख दाखवू नको."

समुद्राला नातं कळू नये म्हणून दोघं पुढच्या नावेत परक्यासारखे बसले. तुम्ही एकत्र आहात का, असं नावाड्याने विचारलं, तर मामांनी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. डोळे मिटून ते तापीमाईचा धावा करत होते. हे पाणी तिच्या ताब्यातलं नाही, हे कळत होतं, पण इथलं दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. अर्ध्या वाटेत एक मोठी लाट आली आणि पलीकडच्या टोकाहून "मामा!" अशी किंकाळी आली. सगळी नाव मामांकडे बघायला लागली.

किल्ल्यापाशी इंदुबाई वाट बघतच होत्या. "एकाच नावेतनं आले?"

"टोकं वेगळी होती," मामा म्हणाले आणि थांबले नाहीत.

तृप्ती मासे दाखवणाऱ्या छोट्या होडीत बसली होती. नारिंगी जॅकेट, कपाळावर काच, आणि सरावासाठी तोंडात नळी. मामा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"पोरी, ते तापीचं खोटं आहे. याले पोहता येत नाही, बिलकुल येत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं होतं. रागवायचं तर माझ्यावर रागव, त्याच्यावर नको."

तृप्तीचे डोळे मोठे झाले. नळीमुळे तिला बोलता येईना. तेवढ्यात होडीतल्या पोहणाऱ्या माणसाने हाळी दिली, "ज्यांना पोहता येत नाही त्यांनी हात वर करा! त्यांना मी धरून नेणार."

निरंजनने डोळे मिटून हात वर केला. आता जे व्हायचं ते होऊ दे. काहीच झालं नाही, तेव्हा त्याने हळूच डोळे उघडले. समोर आणखी एक हात वर होता. तृप्तीचा.

तिने नळी काढली.

"जिल्ह्यात पहिली?" निरंजनने विचारलं.

"लंगडीत," ती म्हणाली.

सकाळपासून पहिल्यांदा निरंजन हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "मग हे बुक कशाला केलं?"

"लहानपणापासून समुद्रातले मासे बघायचे होते. तापी पोहून जाणारा नवरा आहे म्हटलं, मग कशाला घाबरायचं." ती खाली बघून जॅकेटची दोरी ओढत होती. "आता घाबरून राहिले मी."

निरंजन होडीत चढला, तिच्या शेजारी बसला आणि तिचा हात धरला.

होडी निघाली. इंदुबाई भावाशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, मामाला भाच्याच्या नावेत का बसवत नाहीत, ते आज कळलं मला."

मामांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं दाखवलं. थोड्या अंतरावर होडी थांबली, दोन नारिंगी पाठी पाण्यावर आल्या आणि दोन नळ्या एकमेकींना खेटून वर राहिल्या. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मामांनी डोळे पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि डोईफोडियाला फोन लावला.

"गजाननराव? हो, मालवणहून बोलून राहिलो. काय सांगू तुम्हाला, दोघं समुद्र आडवा पोहून राहिले!"