आपोआप म्हणजे कोण?

तारवाल्यांनी बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली. त्यांचा मुलगाही त्यांच्याच हाताखाली लागला आणि सहा वर्षांपूर्वी खांबावरच गेला. वर्षभरात त्याची आईही गेली. आता घरात दोघंच उरली होती, ते आणि सून.

सून पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. मशीन मोटरीचं. वीज गेली की काम ठप्प, आणि वीज तर पाहुण्यासारखी यायची.

"बाबा, छतावर सोलर बसवू या."

"बघू."

हे 'बघू' चार महिने चाललं. शेवटी तिने न विचारताच सोलरवाल्याला बोलावलं. त्याने छत मोजलं, टाकीची सावली कुठवर येते ते पाहिलं आणि खाली येऊन समजावलं, "वीज गेली तरी बॅटरीवर घर चालेल. जास्तीची वीज तारेतून बाहेर जाईल, बिल कमी होईल."

"आणि लाइन बंद असताना बाहेर गेली तर?" तारवाल्यांनी विचारलं.

"जाणारच नाही, काका. कनेक्शन आपोआप तुटतं."

"आपोआप म्हणजे कोण?"

सोलरवाला हसला. "मशीन, काका. लाखात एखादंच बिघडतं."

"त्या एखाद्यापायी खांबावरचा माणूस जातो," म्हणत तारवाले उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले.

सोलरवाला गेल्यावर सून तरातरा मागे आली. "मी काय मौजेसाठी मागतेय? या घरात काही बदललेलं तुम्हाला खपतच नाही!"

त्यांनी सरकून तिला पायरीवर जागा केली. मग म्हणाले, "तो गेला त्या दिवशी बर्फाच्या कारखान्याने जनरेटर लावला आणि उलटी वीज तारेत आली. एवढंच तुला माहीत आहे."

ती उभीच राहिली.

"लाइन मीच बंद केली होती. पण नियम असा, की चढण्याआधी तार साखळीने जमिनीला जोडायची. मग कुठूनही वीज येऊ दे, मातीत जाते. साखळी गाडीत राहिली होती. गाडी शंभर पावलांवर. आभाळ भरून आलं होतं. तो म्हणाला, साखळी आणतो. मी म्हटलं, कशाला? मी बंद केलंय ना? चढ तू."

सून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"मला माहीत आहे, बाबा. गाडीच्या ड्रायव्हरने त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

तारवाले तिच्याकडे बघतच राहिले. "मग सहा वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? आधी तुमचं तोंड बघवत नव्हतं. मग आई अंथरुणाला खिळल्या. त्या गेल्यावर तुम्ही एकटे. भांडायला माणूस तरी धड हवा ना?" तिने पदराने नाक पुसलं. "माफ केलंय असं नाही म्हणत. पण तुम्हाला वाढताना आता रोज आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनेच सोलरवाल्याला फोन केला. चारच पॅनेल, एक बॅटरी. बाहेरच्या तारेशी संबंध नको. शिलाई मशीन, एक पंखा, दोन दिवे, बस.

"तोट्याचा सौदा आहे, ताई. जास्तीची वीज फुकट जाईल."

"जाऊ दे."

पॅनेल बसली त्या दिवशी तारवाले सकाळपासून छतावर होते. एकेक वायर कुठून कुठे जाते ते त्यांनी बोट ठेवून पाहिलं. सोलरवाला वैतागला, पण वायरी दाखवत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. गल्लीतले पंखे थांबले. सुनेचं मशीन मात्र चालूच राहिलं.

"चालतंय?" तारवाल्यांनी मागच्या पायरीवरून विचारलं.

"चालतंय, बाबा."

थोड्या वेळाने तिला त्यांचा हुंदका ऐकू आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. अभ्रा शिवून झाला होता, तो तिने बाजूला ठेवला. पण पायाखालचं बटण सोडलं नाही. सुईखाली कापड नसताना मशीन तसंच घरघरत ठेवलं, त्यांना मोकळेपणी रडता यावं म्हणून.